पीओवरचं लाल पेन: ऑर्डरचं टूल नव्यानं करतोय, सल्ला हवाय

अंबाझरी_काठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, चहा घेऊन बसा.

नागपुरातल्या एका कपड्यांच्या साखळी दुकानांच्या हेड ऑफिसात मी काम करते. पदाचं नाव बिझनेस अॅनालिस्ट, म्हणजे खरेदीवाले आणि आयटीवाले या दोघांच्याही शिव्या खायचं काम. आमचं एक अंतर्गत टूल आहे. आमचे बायर (म्हणजे खरेदी करणारे) त्यात पुरवठादारांना ऑर्डर, म्हणजे पीओ, टाकतात, पुरवठादार लॉगिन करून ती बघतात, माल आला की गोडाऊनवाले जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) करतात. टूल चौदा वर्षं जुनं आहे आणि ज्यांनी बांधलं त्यातलं आज कंपनीत कुणी नाही. एका स्क्रीनवर त्रेचाळीस कॉलम आहेत. उजवीकडे सरकत सरकत गेलं की आपण कोणत्या मालाच्या ओळीवर होतो तेच विसरायला होतं.

हे नव्यानं करायचं काम माझ्याकडे आलं. बायर मंडळींना विचारलं तर 'शोध नीट चालू दे आणि एक्सेलसारखं कर.' वरच्यांना विचारलं तर 'डॅशबोर्ड.' महिनाभर डिझायनरसोबत बसून स्क्रीन काढल्या. छान झाल्या होत्या. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग सहज, खरंच सहज, गांधीबागेत आमच्या एका होजिअरीच्या पुरवठादाराकडे गेले. म्हटलं टूल वापरताना बघावं. तिथले मुनीमकाका साठीच्या पुढचे. त्यांनी आमची पीओ उघडली आणि पहिलं काम काय केलं, तर प्रिंट काढली. खिशातून लाल पेन काढलं. ज्या ओळीत 'एक्सएल – ४८' होतं तिथे ४८ खोडून २४ लिहिलं. खाली एका रंगावर फुली मारून 'नेव्ही नाही, काळा चालेल का' असं लिहिलं. वर कोपऱ्यात तारीख खोडून 'मंगळवार'. त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढला, आमच्या बायरला व्हॉट्सअॅपवर टाकला. आणि मग टूलमध्ये जाऊन शांतपणे 'मान्य' दाबलं.

मी म्हटलं, "काका, हे तर मान्य नाहीये ना?" ते म्हणाले, "ताई, तिथं दोनच बटनं हायेत. अमान्य दाबलं की ऑर्डरच मरते. मग तुमचे साहेब फोनवर चिडते. म्हून मान्य दाबतो आन् फोटो टाकतो."

परत आले आणि आमच्या बायरचा फोन बघितला. लाल पेनाच्या फोटोंची रांगच रांग. आमच्या रिपोर्टात मात्र जवळजवळ सगळ्या ऑर्डरी 'मान्य', आणि त्याच रिपोर्टात खाली 'शॉर्ट सप्लाय' म्हणून तेच पुरवठादार बदनाम. चौदा वर्षं आम्ही त्यांच्या नावानं बोटं मोडतोय आणि ते चौदा वर्षं आम्हाला आधीच सांगताहेत. फक्त टूलला ऐकू येत नाही.

तर माझ्या सुंदर स्क्रीन बाजूला ठेवल्यात. प्रश्न एवढाच: तिसरं बटण कसं करावं? 'मान्य'ही नाही, 'अमान्य'ही नाही, मधलं. ते दिलं की ऑर्डरीचा भाजीबाजार होईल असं आमचे बायर म्हणतात. ज्यांनी हे केलंय, भोगलंय, त्यांनी लिहा प्लीज.

---

तर्रीपोहे

तुम्ही महिनाभर स्क्रीन काढल्या आणि काकांनी दोन रुपयांच्या प्रिंटवर डिझाईन करून दाखवलं. काकांनाच कामावर घ्या.

---

मस्कासाथ_मुनीम

ताई, पहिल्यांदा कोणी हापिसातून उठून गादीवर येऊन पाह्यलं म्हून लिहून राहिलो. मी किराणा अन् पॅकिंगच्या मालाच्या गादीवर हिशेब पाह्यतो, कपड्यात नाई. पण दुखणं तेच हाये.

आमाले पाच मोठ्या दुकानदारांचे पाच पोर्टल हायेत. पाचाचे पाच पासवर्ड, अन् दर दोन-तीन महिन्यानं बदला म्हणते. ते सगळे क्यालेंडरच्या मागं लिवून ठेवले हायेत. शेटजींचा फोन ओटीपीसाठी, अन् शेटजी गेले लग्नाले रायपूरले. आता बसा. ऑर्डर दिसते पण उघडत नाई.

माह्यं म्हणणं हाये की लॉगिनच काहून पाह्यजे? लिंक पाठवा, त्यात तेवढीच एक ऑर्डर दिसू द्या, उत्तर देऊ द्या. बँकेचं खातं थोडंच उघडून राहिलो आमी.

दुसरं, तुमच्या त्या 'क्वांटिटी'च्या रकान्यात नग का डझन का पेटी हे लिवत जा. एकदा एका पोर्टलवर १२ आलं. आमच्याकडे तो माल पेटीतच जाते, आमी १२ पेट्या पाठवल्या. त्याईले पायजे होते १२ नग. छोटा हत्ती भरून माल वापस आला, भाडं कोणी द्यायचं यावर महिना गेला. चूक कोणाची? कोणाचीच नाई म्हणा, पण भाडं आमीच देल्लं.

---

शून्यमैल

डेव्हलपर आहे, मिहानला बसतो, अशीच दोन टूलं बांधलीत (एक नीट, एक नको आठवण). माझ्या मते तुमचा प्रश्न बटणाचा नाहीच.

तुमच्या टेबलात 'क्वांटिटी' नावाचा एकच कॉलम असणार, पैज लावतो. बायरनं मागितले ४८, पुरवठादार म्हणाला २४, त्यानं पाठवले २२, गोडाऊनला मोजून निघाले २१. हे चार वेगळे आकडे आहेत आणि चारही खरे आहेत. मागितले, कबूल केले, पाठवले, मिळाले. तुमचं टूल नवा आकडा जुन्यावर लिहितं, म्हणून शेवटी भांडायला पुरावा उरतो तो व्हॉट्सअॅपवर. चार कॉलम करा, प्रत्येकाचा मालक एकच. बायरचा आकडा पुरवठादार बदलू शकत नाही, पुरवठादाराचा बायर बदलू शकत नाही. मग तिसरं बटण आपोआप येतं, कारण 'मान्य' ही अख्ख्या ऑर्डरची गोष्ट राहतच नाही, ओळीओळीची होते.

शॉर्ट सप्लायही मग दोन जातीचा दिसतो. ४८ चे २४ झाले ते बोलून झाले. २४ चे २२ झाले ती चूक. बदनामी करायचीच तर दुसऱ्याची करा.

आणखी दोन खड्डे, ज्यात मी स्वतः पडलोय:

पहिला. 'पाठवा' बटण दाबलं, नेट हळू, काही झालं नाही असं वाटून बायरनं पुन्हा दाबलं. दोन ऑर्डरी गेल्या, दोन्हींचे नंबर वेगळे, आणि सुरतेहून त्याच साड्यांच्या दोन गाठी आल्या. ऑर्डरचा नंबर कच्च्या मसुद्यालाच द्या, पाठवताना नको. मग कितीदाही दाबा, तीच ऑर्डर जाते.

दुसरा म्हणजे एक्सेल. लोक एक्सेलमध्ये यादी करून अपलोड करणारच, कितीही सुंदर स्क्रीन द्या. बारकोड तेरा आकडी असतो, आपल्याकडचे ८९० नं सुरू होतात. एक्सेल त्याला संख्या समजून ८.९ई+१२ असं दाखवतं, ते तसंच सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या फाईलीत) सेव्ह झालं की मागचे आकडे गेले कायमचे. तेराव्या आकड्याचा हिशेब आधीच्या बारावरून निघतो, तो अपलोड होतानाच तपासा आणि चुकलेली ओळ लाल करा. आमच्याकडे हे एवढं केल्यावर सपोर्टचे फोन एकदम कमी झाले.

---

अंबाझरी_काठ

@शून्यमैल, पैज जिंकलात. एकच कॉलम आहे. त्याच्या शेजारी 'क्वांटिटी_२' नावाचा एक कॉलम आहे ज्यात काय असतं ते कुणालाच माहीत नाही.

@मस्कासाथ_मुनीम काका, लिंकवाली गोष्ट आमच्या सिक्युरिटीवाल्यांपुढे ठेवते. भाड्याचं वाचून वाईट वाटलं.

---

रामझुला

आता बायरची बाजू मांडतो, कारण इथे आम्हालाच खलनायक केलंय. नऊ वर्षं बायर होतो, मेन्सवेअर.

बायरच्या डोक्यावर ओटीबी असतो. या महिन्यात एवढ्याच रुपयांचा माल घ्यायचा, वर एक रुपया नाही. मी ४८ मागितले म्हणजे ४८ चे पैसे मी अडवून ठेवलेत. पुरवठादारानं मंगळवारी सांगितलं २४, तर उरलेल्या पैशांत मी दुसऱ्याकडून घेऊ शकतो. त्यानं माल दारात आल्यावर सांगितलं तर सीझन गेला. म्हणजे तिसरं बटण आम्हालाही हवंच आहे, विरोध त्याला नाही.

विरोध भावाला आहे. संख्या बदलू द्या, तारीख बदलू द्या, रंगाचा पर्यायही देऊ द्या. भाव बदलायचा रकाना मात्र त्या स्क्रीनवर ठेवू नका. ठेवलात की प्रत्येक ऑर्डरवर 'सूत महागलं' येणार. ठरलेला भाव ठरलेला. बदलायचा तर समोर बसून, वेगळं रेट काँट्रॅक्ट.

आणि साईज सेटचा विचार करा. एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल हे १:२:२:१ मध्ये घेतो आम्ही. कुणी एक्सएलच अर्धे केले तर उरलेला सेट दुकानात लंगडा बसतो. एक्सएल आधी संपतो, बाकीचे साईज हँगरवर, एक्सएलचं गिऱ्हाईक परत. तिथे पुरवठादाराला एकेक साईज कमी करू न देता 'इतके सेट' असंच विचारा.

---

मस्कासाथ_मुनीम

@रामझुला भाऊ, 'सूत महागलं' म्हणजे आमी खोटं बोलतो का? मार्केटमंदी भाव रोज हालते. तुमी लोक ऑर्डर टाकता आज, माल मागता दीड महिन्यानं.

---

रामझुला

खोटं म्हटलं नाही काका. पण भाव उतरल्यावर फोन आल्याचं एकदाही आठवत नाही. 🙂

---

मस्कासाथ_मुनीम

हे बी खरं हाये.

---

जमाखर्च

सीए आहे, धरमपेठेत बसते. डिझाईनमधलं कळत नाही, पण तुमच्या टूलमध्ये कर कुठे साठवलाय ते बघा, कारण २०२५ च्या सप्टेंबरात यावर माझ्या दोन अशिलांची झोप उडाली होती.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांचा जीएसटी बदलला. आधी नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि वर १२ होता. आता २५०० पर्यंत ५ आणि वर १८. त्याच दिवशी घटस्थापना, म्हणजे सगळ्यांच्या ऑर्डरी जुन्या दरानं टाकून झालेल्या आणि माल रस्त्यात. ज्यांच्या टूलमध्ये दर मालाच्या मास्टरला (म्हणजे मूळ यादीला) चिकटवलेला होता त्यांनी रात्रीतून मास्टर बदलला, आणि जुन्या ऑर्डरींचे हिशेबही बदलून बसले. दराला 'या तारखेपासून' असा रकाना हवाच.

शिवाय मास्टरला एकच दर लावणं मुळात चूक. हा दर विक्रीच्या किमतीवर ठरतो, एमआरपीवर नाही. तोच शर्ट पुरवठादार तुम्हाला १४०० ला देतो तेव्हा ५ टक्के, तुम्ही गिऱ्हाईकाला २७०० ला विकता तेव्हा १८. एकाच मालाचे दोन दर, आणि दोन्ही बरोबर. (२७०० चं ठीक आहे, पण सवलतीत २४०० ला विकलात की परत ५. असो.)

दुसरी गोष्ट पैसे देण्याची. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर एमएसएमईडी कायदा २००६ नुसार लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. आयकराच्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३बी(एच)), उशीर झाला तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. हे नुसत्या व्यापाऱ्याला लागू धरत नाहीत, बनवणाऱ्याला धरतात. म्हणजे पुरवठादाराच्या मास्टरमध्ये उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंद) एवढंच पुरत नाही, तो बनवतो की विकत घेऊन विकतो हेही हवं. गांधीबागेतले तुमचे काका कोण आहेत ते विचारून घ्या.

आता यातली गंमत. हे दिवस माल हातात पडल्यापासून मोजतात. मालात खोट असेल तर १५ दिवसांच्या आत लेखी कळवायचं, तर दिवस तक्रार मिटल्यापासून मोजतात. 'अहो फोनवर सांगितलं होतं' चालत नाही. तुमच्या टूलमध्ये तक्रार नोंदवायची जागा आहे का?

---

अंबाझरी_काठ

@जमाखर्च ताई, नाहीये. 'रिमार्क' नावाचा रकाना आहे, पन्नास अक्षरांचा. लोक त्यात 'ओके' लिहितात.

---

वाडीनाका

मी गोडाऊन बघतो, अमरावती रोडला. सगळे बोलले, आमचं कुणी विचारलं नाही, नेहमीसारखं.

जीआरएनच्या स्क्रीनवर तुम्ही अपेक्षित आकडा दाखवता ना? काढा तो. पोरगं चार वाजता थकलेलं असतं, समोर २४ लिहिलेलं दिसतं, पेटी बाहेरून बघतं आणि २४ टाकून पुढची घेतं. मोजतंय कोण? आमच्याकडे आकडा लपवला तेव्हा पहिल्या आठवड्यात सगळे बोंबलले, काम हळू झालं. पण मोजायला लागले. मोजून टाकलं की मगच फरक दाखवा, आणि फरक आला तर एकदा पुन्हा मोजायला लावा.

दुसरं, एका गाडीत तीन ऑर्डरींचा माल येतो आणि एक ऑर्डर दोन गाड्यांत येते. टूल बनवणाऱ्याला वाटतं एक ऑर्डर, एक गाडी, एक बिल. आमच्या गेटवर ड्रायव्हरच्या हातात असते बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती. त्याला तुमचा पीओ नंबर माहीत नसतो. बिल्टीच्या नंबरवरून शोधता आलं पाहिजे, नाहीतर ट्रक उभा आणि हमाल बसलेले.

आणि हो, बॅलन्स ऑर्डरी. उरलेले दोन नग कधीच येणार नसतात, पण ऑर्डर उघडी राहते. आमच्या यादीत २०१९ च्या उघड्या ऑर्डरी आहेत. कुणीतरी त्यांना अग्नी द्या.

---

रामझुला

२०१९ मधल्या दोन-चार माझ्याच असतील. क्षमस्व.

---

पाटणसावंगी

एवढं डोकं लावण्यापेक्षा तयार ईआरपी (अख्ख्या कंपनीचा कारभार बघणारं सॉफ्टवेअर) विकत का घेत नाही?

---

शून्यमैल

घ्या की. पण तयार ईआरपीतही मुनीमकाका मान्यच दाबतील आणि फोटोच टाकतील, फक्त लायसन्सचे पैसे जास्त जातील.

---

अंबाझरी_काठ (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतेय, कारण बरंच घडलं.

तुमच्या सगळ्यांचं वाचून कोडला हात न लावता आधी कागद केले. खरेच कागद, ए-४ वर पेन्सिलनं काढलेली मोबाईलची स्क्रीन. ते घेऊन पुन्हा गांधीबागेत. काकांना म्हटलं, हा मोबाईल आहे असं समजा आणि बोटानं दाबा. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दुकानातल्या पोट्ट्याकडे बघितलं, मग दाबायला लागले.

तिसऱ्या बटणावर मी लिहिलं होतं 'बदलासह मान्य'. काकांचं बोट तिथे गेलंच नाही. तीन ऑर्डरी झाल्या, तिन्हींवर 'मान्य'. विचारलं तर म्हणाले, "बदलासह म्हणजे तुमी बदल केला का आमी? सरकारी कागद वाटते." मग मी विचारलं, तुम्ही फोनवर बायरला काय म्हणता? "म्हणतो, साहेब, एवढं देतो." तिथंच खोडरबरनं खोडलं आणि बटणावर लिहिलं 'एवढं देतो'. पुढच्या ऑर्डरीला बोट सरळ तिथे गेलं. डिझायनरला सांगितलं तर तो अर्धा तास गप्प होता.

(तिरुपूर आणि लुधियानावाल्यांना मराठी बटण चालणार नाही हे मलाही कळतं. त्यांना फोन करून ते काय म्हणतात ते त्यांच्या शब्दांत विचारतेय. तिरुपूरच्या एका बाईंनी सांगितलेला तमिळ शब्द मला अजून नीट म्हणता येत नाही.)

तारखेचं क्यालेंडरही पडलं. काका तारीख कधीच म्हणत नाहीत, 'मंगळवारी', 'पोळ्याच्या आधी', 'मारबत झाल्यावर' असं म्हणतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत इतवारीत गाडी शिरणं अशक्य, हे आमच्या टूलच्या लीड टाइमला (माल यायला लागणाऱ्या दिवसांच्या हिशेबाला) चौदा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आता वारांची सात बटणं आणि खाली तारीख, असं केलंय. सणांची यादी प्रत्येक पुरवठादाराच्या गावाप्रमाणे वेगळी ठेवतोय.

बाकी काय ठरलं ते भरभर सांगते. चार आकडे, चार मालक, ओळीओळीनं. साईज सेटचा माल सेटमध्येच कमी होणार. एककाशिवाय आकडा दिसणारच नाही, '१२ नग' किंवा '१२ डझन' असंच. भावाचा रकाना नाही (रामझुला जिंकले, पण काकांचं म्हणणं म्हणून रेट काँट्रॅक्टला मुदतीची तारीख आली, ती संपली की दोघांनाही बोलावंच लागेल). लिंक मिळाली: एक ऑर्डर, ठरावीक दिवस चालणारी. गोडाऊनला आकडा लपवला. तक्रारीला स्वतंत्र जागा, फोटोसकट, आणि पंधरा दिवस संपत आले की लेखाविभागाला सूचना. २०१९ च्या उघड्या ऑर्डरी बंद करायला मात्र तीन सह्या लागतात म्हणे. त्या अजून उघड्याच.

डॅशबोर्ड वरच्यांना दिला. त्यात 'कबूल करून पाठवलं नाही' एवढाच एक आकडा मोठा ठेवला. पहिल्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, मान्यतेचं प्रमाण एकदम कमी कसं दिसतंय? म्हटलं, सर, आता खरं दिसतंय. ते फारसं आवडलेलं नाही.

चाचणी मार्चमध्ये सुरू करायची होती. लेखाविभागानं हात जोडले, मार्च एंडिंगला नवीन काही नको. आता एप्रिल.

---

जमाखर्च

त्यांना माझ्याकडूनही नमस्कार सांगा. मार्चमध्ये मला कुणी नवीन कपबशी दिली तरी मी परत करते.

---

वाडीनाका

बिल्टीवरून शोध?

---

अंबाझरी_काठ

आहे. शेवटचे चार आकडे टाकले तरी सापडते.

---

मस्कासाथ_मुनीम

ताई, सगळं बेस केलं. एकच इचारतो. प्रिंटचं बटन ठेवलं ना? का मोबाईलच्या नादात काढलं?

---

अंबाझरी_काठ

ठेवलंय काका. डिझायनर काढायला निघाला होता. आणि उजवीकडचा समास दोन बोटं वाढवून घेतलाय, पेनासाठी.